तडकलेल्या जहाजाचा तुकडा

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता धूसर झाल्या आहेत. ही एक मात्र शब्दान् शब्द आठवते.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावी मी पोलिसांत डिटेक्टिव्ह होतो. दुसऱ्या महायुद्धात तिथे जहाजबांधणीचा कारखाना निघाला, त्याने भराभर मालवाहू जहाजं पाण्यात सोडली आणि युद्ध संपताच तो बंदही पडला. मागे उरलं एक छोटं म्युझियम. तिथून पोलादी पत्र्याचा हातभर तुकडा चोरीला गेल्याची तक्रार आली.

त्या कारखान्याचं एक जहाज थंड समुद्रात मधोमध तडकलं होतं. खलाशी बुडाले, आणि दोष आला वेल्डिंग करणाऱ्या बायकांवर. ओढून आणलेल्या अर्ध्या जहाजातला हा तुकडा होता.

तिसऱ्या दिवशी टीप मिळाली. युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमधून फोन आला की एका विद्यार्थिनीने जुनं पोलाद कापायला आणलंय आणि ते कुठलं हे ती सांगत नाही.

मुलगी नागपूरची, धातुशास्त्रात पीएचडी करणारी. लॅबमध्ये पत्रा सापडला, दोन तुकडे झालेला. आम्ही तो सील केला आणि तिला स्टेशनवर आणलं. म्युझियमचं कुलूप फोडलेलं नव्हतं, म्हणजे किल्ली आतल्याच कुणीतरी दिली होती. माझ्या सहकाऱ्याने तिला गप्प राहण्याचे, वकील मागण्याचे हक्क वाचून दाखवले आणि तासभर विचारलं. मी एकटीनेच घेतला, एवढंच ती म्हणत राहिली. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवतो. कुणाला तरी वाचवणारा तपशील गाळतो. ही किल्लीबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

मी सहकाऱ्याला बाहेर पाठवलं, रेकॉर्डर बंद केला आणि मराठीत बोलायला लागलो. घरी कोण असतं, सकाळपासून काही खाल्लंस का. तिचे डोळे भरून आले.

"काका, मी लॉयर मागू का?"

"अगं, आपल्या माणसासमोर लॉयर कशाला?" मी म्हणालो.

मग तिने सगळं सांगितलं. तिने तुकडा रीतसर मागितला होता, म्युझियमने लेखी नकार दिला. किल्ली दिली ती तिथे विनामोबदला काम करणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी त्याच जहाजावर वेल्डिंग केलं होतं. ती माणसं आपल्या हातून बुडाली, असं मानूनच त्या आयुष्यभर जगल्या. या मुलीला मात्र संशय पोलादाचा होता. थंडीत ते ठिसूळ होत असावं.

"आजींकडे फार वेळ नाहीये, काका. टेस्ट तेवढी होऊ द्या. मग माझं काय करायचं ते करा."

टेस्टच्या परवानगीसाठी म्युझियमच्या संचालकांना एक फोन करणं माझ्या हातात होतं. मी केला नाही. रिपोर्ट लिहिला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. कोर्टाने मुलीला समज देऊन सोडलं, पण युनिव्हर्सिटीने काढून टाकलं, व्हिसा गेला, ती नागपूरला परतली. आजींनी पहिल्याच प्रश्नाला किल्ली दिल्याचं कबूल केलं. म्युझियमने त्यांना पुन्हा यायला मनाई केली. तुकडे कित्येक महिने आमच्या पुराव्याच्या खोलीत पडून राहिले.

केस बंद झाल्यावर ते परत करायला गेलो तेव्हा मी संचालकांना टेस्टबद्दल सहज विचारलं. पत्रा आता कापलेलाच होता; त्यांनी उभ्या उभ्या परवानगीवर सही केली. मुलीच्या प्रोफेसरांनी तपासणी केली. वेल्डिंग शाबूत होतं, पोलादच ठिसूळ होतं.

मी नागपूरला ईमेल केली. उत्तर एका ओळीचं आलं: "आजींना कळवलंत का?"

तुकडे आमच्याकडे पडून होते, त्याच हिवाळ्यात आजी वारल्या होत्या. हे लिहायला मला चार दिवस लागले. त्यानंतर मुलीचं काही आलं नाही.

युक्त्या वापरून मी पुष्कळ गुन्हेगार बोलते केले, त्याची खंत नाही. त्या दिवशी मात्र परक्या देशात एका मुलीने भाषा ऐकून माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी तिच्याकडून हवं ते काढून घेतलं. त्या गावात ती माणसं कशाने बुडाली, हा तपास साठ वर्षं अपुरा राहिला होता. तो ती पुरा करायला निघाली होती. मी पत्रा चोरणारीला पकडलं.