बांधावरचा पुतळा

कृतिका गव्हातली फवारणी संपवून वळली, तेव्हा तिच्या पाठीवरच्या पंपात थोडं तणनाशक उरलं होतं. ती हरभऱ्याकडे चालू लागली आणि बांधावर उभ्या असलेल्या बळवंतरावांनी ते पाहिलं.

ते औषध रुंद पानांचं तण मारतं. गव्हाचं त्यानं काही बिघडत नाही, पण हरभऱ्याला ते विषच. हरभऱ्यात चाकवत माजला होता. कृतिका त्याला बथुआ म्हणते, दिल्लीकडे मुरलेल्या तिच्या मराठी घरातून चाकवत हा शब्द कधीच गेला. उरलेलं औषध फेकून द्यायचं तिच्या जिवावर आलं असणार. पोर काटकसरी घरातली. ‘अगं थांब!’ एवढी एक हाक पुरली असती. बळवंतराव गप्प राहिले. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आहे की दगड? शिव्या घालायला पुष्कळ वेळ आहे, आधी त्यांच्या तोंडाला कुलूप कुणी घातलं ते ऐका.

देशात गहू परदेशी जहाजांतून यायचा, त्या काळात खंडेराव नावाच्या शेतकी विषयाच्या एका मास्तरांनी कृषी किशोर मंडळ काढलं. मास्तरांच्या शाळेचा प्लॉट जिल्ह्यात पहिला यायचा. का नाही येणार? प्रत्येक वाफ्यावर स्वतः वाकून ते मुलांच्या हातातलं खुरपं काढून घेत आणि ‘असं नव्हे, असं’ करत सगळं स्वतःच करत. मग एका वर्षी विषमज्वरानं ते अंथरुणाला खिळले. बरे होऊन शाळेत येतात तो प्लॉट वाळून गेलेला आणि मुलं बांधावर रांगेत उभी. पाणी कधी द्यायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी हाय खाल्ली नाही, नियम केला. पेरणीपासून मळणीपर्यंत मोठ्या माणसानं बांधाच्या आत पाय टाकायचा नाही आणि पिकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शिकवायचं ते पेरणीआधी, चुका दाखवायच्या त्या मळणीनंतर. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच तोंड उघडायचं. मंडळाचे निर्णयही मुलांनीच हात वर करून घ्यायचे.

हा नियम घेऊन मंडळ राज्याराज्यांत पसरलं. मुलींना घ्यावं की नाही यावर मोठी माणसं वर्षानुवर्षं घोळ घालत बसली होती. शेवटी मुलांनीच एका सभेत हात वर करून मुली घेतल्या, तेव्हा मोठ्यांना मतच नसल्यामुळे बोलता येईना. पुढे शाळांतून शेती गेली, शाखा मिटत गेल्या. उरला तो फरीदाबादच्या कडेचा हा केंद्रीय प्लॉट. मंडळाच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय, प्लॉट नाही तर मंडळ नाही. आणि जमीन होती एका सरकारी खात्याची. खात्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. जमीन मंडळाकडे ठेवायची की नाही ते ठरवायला जानेवारीत खात्याची पाहणी समिती येणार होती.

बळवंतराव मंत्रालयातून दोन वर्षांसाठी इथे निरीक्षक म्हणून आले आणि इथेच मुरले. शेतकी पदवीधर माणूस, पण अख्खी नोकरी बांधावर तोंड मिटून गेली. मुलं त्यांचा चेहरा वाचून अंदाज बांधायला लागली, म्हणून त्यांनी चेहराही कोरा ठेवायला शिकून घेतलं. तेव्हापासून मुलं त्यांना पुतळाकाका म्हणतात. त्यांच्या पत्नी सुमित्राबाई म्हणत, “बांधावरचा पुतळा घरी आणू नका, इथे पोळी करपली तर सांगत जा.”

तर त्या दिवशी त्यांनी निमित्त शोधलं. हातमोजा फाटलेला असला, मास्क सरकलेला असला, तर ‘जिवाला धोका’ म्हणून ओरडता आलं असतं. पण पोर कामाची चोख. मोजे, मास्क, चष्मा, गमबूट, सगळं जिथल्या तिथे. वारासुद्धा पडलेला. तिच्या मते काका चहाला गेले होते. ते कडुलिंबाखाली उभे होते आणि फवाऱ्याचा एकेक झोत मोजल्यासारखा बघत होते. एकदा तर पाय बांधावरून आत पडणारच होता. त्यांनी तो मागे घेतला, आणि त्याचा त्यांना त्या क्षणी अभिमान वाटला, हेही सांगून टाकलं पाहिजे.

चार-पाच दिवसांत हरभऱ्याचे शेंडे मुरडले. मग देठ वाकडे झाले, मग पिवळे. कृतिका वाफ्यात उकिडवी बसून एकेक रोप उलटसुलट करून बघायची. बळवंतराव बांधावर. ती वर बघायची तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नसायचं.

पाहणीच्या आदल्या दिवशी दिल्ली कचेरीतून मंडळाचे सचिव श्याम यांचा फोन आला. “बळवंतराव, थंडीनं करपला म्हणायचं. दिल्ली-एनसीआरभर कडाका आहे, कोण विचारतंय? त्या मुलीला समजवा यार.”

“हंगामात मी पिकाबद्दल तिच्याशी बोलू शकत नाही.”

“अहो, प्लॉट गेला तर हंगाम कुठला अन् नियम कुठला!”

श्यामचं काही चुकत नव्हतं. बळवंतरावांनी फोन ठेवला आणि संध्याकाळचं जेवणही ताटात तसंच ठेवलं.

समिती आली ती धुकं विरल्यावर. अध्यक्ष होते परीक्षित मलिक, हरयाणाचे, स्वतः जमीनवाल्या घरातले. गव्हापाशी ते खूश दिसले. हरभऱ्यापाशी थांबले आणि एक रोप उपटून हातात फिरवलं. मुलं रांगेत उभी होती. श्याम घसा खाकरून म्हणाले, “सर, इस बार ठंड बहुत...”

“ठंड नहीं थी सर,” कृतिका म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. “गेहूँ की दवाई बची थी, मैंने इसमें डाल दी। ग़लती मेरी है।”

श्यामनं डोळे मिटले. मलिकांनी मात्र मान डोलावली. “बच्चे ग़लती करेंगे, इसीलिए तो प्लॉट है। उसकी मुझे कोई शिकायत नहीं।” मग ते बांधाकडे वळले. “आप यहाँ थे उस दिन?”

बळवंतरावांना एका शब्दात सुटता आलं असतं. तो शब्द त्यांच्या तोंडाशी आलाही. पण पोरीनं नुकतंच खरं सांगितलं होतं.

“था.”

“देखा?”

“देखा.”

त्यांनी नियम सांगितला. खंडेराव मास्तर, विषमज्वर, सगळं सांगितलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता. मलिक ऐकत होते, पण कृतिका रांगेतून बाहेर आली होती.

“काका, तुम्ही बघत होता?”

“हो.”

“पूर्ण वेळ?”

“हो गं.”

“नंतर मी इथे बसून रोज शोधत होते काय झालं ते. ग्रेटर नोएडाच्या मावशीला फोटो पाठवले. डबा सोडून पळत यायचे. तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?”

बळवंतरावांची नजर वाळलेल्या हरभऱ्याकडे गेली, आणि तिला कळलं.

मलिकांनी निर्णय तिथेच सांगितला. जमीन आणखी दोन वर्षं मिळेल, पण डोळ्यांदेखत पीक मरू देणाऱ्या माणसाच्या ताब्यात ती राहणार नाही. निरीक्षक बदला, नाहीतर प्लॉट सोडा. निरीक्षक ठेवायचा की काढायचा हे मुलांच्या हातात होतं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणाचे हात खिशात गेले, कुणी बुटानं माती उकरायला लागलं. एवढी वर्षं हे काका त्यांच्या आधी येऊन उभे असायचे, पाऊस असो की उन्हाळ्यातली गरम लू.

पहिला हात कृतिकाचा वर गेला. ती रडत होती, पण हात सरळ होता.

“प्लॉट पाहिजे,” ती म्हणाली. मग बाकीचे हात वर झाले.

बळवंतरावांना राग आला. खोटं कशाला सांगायचं, सणसणून आला. ज्या नियमापायी जिभेला गाठ मारून घेतली, त्याच नियमानं पोरांनी बाहेर काढलं! पण मेट्रोत बसल्यावर राग ओसरला आणि खाली नुसतं दुःख उरलं. हात बरोबर वर गेला होता. त्यांनाही मत असतं तर त्यांनी तेच केलं असतं, आणि त्यामुळे ते आणखीच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीत उन्हाला बसले होते. सुमित्राबाई शेजारी मटार सोलत होत्या आणि शहाणपणानं काही विचारत नव्हत्या. फोन वाजला.

“काका, कृतिका.” आवाज कोरडा होता. सॉरी नाही, कसे आहात नाही. “तुम्ही आता निरीक्षक नाही ना?”

“नाही.”

“मग नियम तुम्हाला लागू नाही.”

सुमित्राबाईंचे मटार सोलणारे हात थांबले.

“मी अजून तुमच्यावर रागावलेय, बिल्कुल रागावलेय. पण मी विचारतेय. हरभऱ्याच्या जागी काय लावू?”

“अगं, मळणी अजून...” सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

“काका!”

त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग ते बोलू लागले. आधी महिनाभर जमीन तशीच राहू दे, औषध उतरू दे. मग मूग घे, पण मार्चच्या आधी पेरू नकोस, थंड मातीत तो उगवायचा नाही. पंप साबणाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धू, नळीसुद्धा. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी साचतं, दर वर्षी साचतं, किती पोरं आली आणि गेली, कुणाच्या लक्षात नाही आलं, तिथे आधी चर काढ. आणि गव्हाला पुढचं पाणी आत्ता देऊ नकोस, ओंब्या बाहेर पडताना दे. आणि तो पूर्वेचा बांध...

“हळू सांगा ना, मी लिहून घेतेय,” कृतिका म्हणाली.

बळवंतरावांना हळू सांगणं जमत नव्हतं.