सोनटक्के सरांचे हरण्याचे सामने

दिगंबर सोनटक्के सरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते नोएडातल्या एका नव्या सेक्टरच्या मैदानावर वाकून खडे वेचत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. चारी बाजूंना इमारती उठत होत्या आणि त्यांची खडी आमच्या मैदानावर सांडत होती. मी सरांना माळी समजलो आणि ऐटीत फाटकाची किल्ली मागितली. त्यांनी ती दिलीही. आमच्या फुटबॉल क्लबचे नवे प्रशिक्षक तेच, हे कळल्यावर मी दोन दिवस त्यांच्यासमोर जायचे टाळले.

सर मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे फुटबॉल अंगात भिनलेला. सरकारी नोकरी सांभाळून ते दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून स्कूटरवर यमुना ओलांडून येत. हंगामाआधीचे सराव सामने जिंकण्यासाठी नसतात, असे त्यांचे ठाम मत होते. उत्तम खेळाडूंना ते बाकावर बसवीत आणि उरलेल्यांच्या जागा उलटसुलट करीत. पहिलाच सामना आम्ही चार गोलांनी हरलो, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी भाटियाजी उखडले. “सोनटक्के जी, पूरे सेक्टर में नाक कट गई!”

“अभी कट जाने दीजिए,” सर शांतपणे म्हणाले. “लीग में नाक चाहिए.” आम्हा मराठी पोरांना मात्र ते मराठीत बजावीत, “हरायचं तेवढं आत्ताच हरून घ्या.”

मला हे तत्त्वज्ञान मुळीच पटत नव्हते. मी दिल्लीच्याच मयूर विहारचा, क्लबचा स्ट्रायकर, आणि तोरा त्याहून मोठा. पण गुडघ्याच्या दुखापतीनंतर माझा वेग मंदावला होता आणि सरांनी मला थेट बचावात, डाव्या बाजूला टाकले होते. माझा पत्ता कापायची ही सभ्य तऱ्हा आहे, असे मी धरून चाललो. तिसऱ्या सराव सामन्यानंतर संघ जाहीर होणार होता. नाव नसेल, तर खेळ सोडायचा, असे मी घरी सांगूनही टाकले होते.

त्या सामन्यात शेवटची काही मिनिटे उरली होती आणि बरोबरी होती. चेंडू आमच्याकडे होता. बाहेरून सर ओरडले, “खाली! खाली!” मला वाटले, समोर जागा खाली, म्हणजे रिकामी आहे. मी जीव खाऊन पुढे पळालो. चेंडू आमच्याकडून निसटला, मी सोडलेल्या जागेतूनच प्रतिस्पर्धी घुसले आणि गोल झाला.

“मी खाली म्हटलं, तू वर कुठे पळालास?” सरांनी विचारले.

“सर, सामने बिल्कुल खाली था!” मी चिडून म्हणालो.

सर पोट धरून हसले. “अरे, खाली म्हणजे मागे ये! दिल्लीत वाढलेलं पोर तू, तुझं काय चुकलं? शब्द माझा, गोलही माझाच.” मग गंभीर होऊन म्हणाले, “पण ती जागा तुला दिसली कशी?”

“मागून सगळं मैदान दिसतं, सर.”

“तेच दिसावं म्हणून तुला मागे ठेवला. पाय मंदावले, नजर नाही मंदावली.”

भाटियाजींपुढेही त्यांनी तो गोल स्वतःवरच घेतला. त्यानंतर दर हंगामाआधी ते प्रत्येक खेळाडूला, मग तो बंगाली असो वा हरियाणवी, आपला कोणता शब्द कसा ऐकू येतो ते विचारत. प्रशिक्षकाने स्वतःची भाषा तपासावी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संघ वाचला गेला. डावा बचाव म्हणून माझे नाव आले आणि मी सर्वांसमोर रडलो. पुढची सात वर्षे मी त्याच जागेवर खेळलो.

सर आता पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. आजही हंगामाआधी ते मैदानावर दिसतात आणि नवी पोरे मन लावून हरत असतात. सर, तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. आमच्या अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि त्या तुमच्या डोळ्यांदेखत झाल्या तरच त्यांचे काही भले होईल.