अण्णांचं गुऱ्हाळ, पेपरातली बातमी आणि आमचे वाद

माझ्या सासऱ्यांचं आणि सरकारचं शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि मी, त्यांची सून, सरकारी शाळेत शिक्षिका.

अण्णांना जाऊन आज एक वर्ष झालं.

माझे वडील शिरूरला सरकारी नोकरीत. आमच्या घरी सरकार म्हणजे वेळेवर पगार, पेन्शन, शिस्त. नव्वदच्या दशकात लग्न होऊन कासुर्डीला आले, तर इथं सरकार म्हणजे लोडशेडिंग आणि झोनबंदी. आपल्या रानातला ऊस आपण कुठल्या कारखान्याला घालायचा, हे मुंबईत ठरायचं. त्या रागापोटीच अण्णांनी गुऱ्हाळ टाकलं होतं.

"माझा ऊस, माझा गूळ. कुणाला इचारायचं न्हाई."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तोंड उघडलं. "अण्णा, सरकार नसतं तर रस्ता कुणी केला असता?"

सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

अण्णा हसले. "बोलती म्हंजी! बरं झालं. ह्या घरात माझ्याशी वाद घालायला कुणीच नव्हतं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी शाळेतून आले की चहा आणि वाद. टीव्हीवर पृथ्वी तापल्याची बातमी लागली की ते आवाज मोठा करायचे, मुद्दाम मला ऐकू यावा म्हणून.

"आता म्हणतील गुऱ्हाळं बंद करा. सणसवाडीच्या कंपन्यांच्या चिमण्या दिसत न्हाईत का ह्यांना? तितं एसीत बसून मीटिंगा करतात, आन् आमचं चुलवाण इझवायला निघालेत."

"अण्णा, तुमच्या चुलवाणात चिपाडाबरोबर टायर जळतात. त्याचं काय?"

मग ते विषय बदलायचे.

टायर सगळेच जाळायचे तेव्हा. पावसानं उसाचं चिपाड ओलं झालं की जुने टायर, चपलांचं रबर. काळा धूर निघायचा आणि वारा फिरला की थेट बौद्धवस्तीवर जायचा. तिथं साळवेमामा राहायचे, दौंडला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले. त्यांच्या नातीला दमा होता. त्यांनी तालुक्याला अर्ज केला.

पुण्याहून नोटीस आली. गुऱ्हाळ बंद का करू नये, म्हणून.

पाठोपाठ एक पत्रकार आला. मी अंगणातच होते, अण्णा काय बोलले ते सगळं मी ऐकलं.

ते म्हणाले, "वस्तीला तरास हाय तर साळव्यांनी मला सांगावं. मी ऐकीन. पण पुण्यात बसलेल्या सायबानं येऊन टाळं लावायचं, हे मला मान्य न्हाई."

दोन दिवसांनी पेपरात धुराचा मोठा फोटो आला. खाली अण्णांच्या नावावर छापलं होतं: 'त्रास होत असेल तर वस्ती हलवा.'

अण्णांनी पेपर माझ्यापुढं धरला. "मी असं बोललो का गं?"

वस्तीतल्या पोरांचं रक्त तापलं, आणि तापणारच. आयुष्यभर अण्णांना रामराम घालणारे त्यांच्या वयाचे लोकही रस्ता बदलून जायला लागले. साळवेमामांनी बोलणं सोडलं.

ग्रामसभेत कुणीतरी ते कात्रण मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णा उठून म्हणाले, "हे खोटं हाय." कुणाचा विश्वास बसला नाही. का बसावा? छापून आलं होतं.

मी उठले. गावातल्या सुना तेव्हा सभेत बोलत नसत.

"धूर मलाही नकोय. नोटीस आली ते बरंच झालं, असं माझं मत आहे. अण्णांना ते माहीत आहे. पण वस्तीबद्दल ते असं बोलले नाहीत. मी तिथं उभी होते."

साळवेमामा माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी टोपी घातली. "चल. साळव्यांकडं जायचं हाय."

साळवेमामांनी दार उघडलं, पण आत या म्हणायला वेळ लावला. बसल्यावर म्हणाले, "सून खोटं बोलणार न्हाई, म्हणून दार उघडलं. पण अण्णा, पेपरातलं खोटं आसंल, धूर तर खरा हाय न्हवं?"

"व्हय."

"पोरगी खोकून खोकून निळी पडती."

आतून ते खोकणं ऐकू येतच होतं. अण्णांनी मान खाली घातली.

"टायर आजपास्नं बंद. चिमणी उंच करतो. तरी धूर आला तर माझ्या दारात येऊन शिव्या घाल."

चहा झाला. मामींनी बशीत बिस्किटं दिली. अण्णांनी खाल्ली.

परत येताना मला राहवलं नाही. "अण्णा, मामांनी अर्ज केला नसता तर तुम्ही त्यांच्या दारात गेला असता का?"

ओढ्यापाशी येऊन ते म्हणाले,

"न्हाई. न्हाई गेलो आसतो."

"मग सरकार लागतंच की."

"अर्ज घ्यायपुरतं. टाळं लावायला न्हाई."

काही महिन्यांनी पुण्याचे साहेब पाहणीला आले, तेव्हा चिमणी उंच झाली होती आणि चिपाड वाळवायला नवी शेड उभी होती. साळवेमामा स्वतः येऊन साहेबांना म्हणाले, "आमचं मिटलंय." गुऱ्हाळ पुढं कितीतरी वर्षं चाललं. मामांची नात मोठी झाली, नर्स झाली. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात इंजेक्शन द्यायला तीच यायची.

पेपरनं खुलासा छापला नाही. अण्णांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

अण्णा, तुमची निम्मी मतं मला कधीच पटली नाहीत. आजही पटत नाहीत. पण सून म्हणून आले तेव्हा या घरात मी पाहुणी होते. तुमच्याशी वाद घालत घालत कधी घरची झाले, कळलंच नाही.

आता संध्याकाळी चहा होतो. घर शांत असतं.

अण्णा, तुमच्या सुनेचा नमस्कार.