रेडीच्या वाळूत ऐकलेलं जर्मन

आज सकाळी नात जर्मन बोलायचा सराव करत होती. पुढच्या महिन्यात ती नर्स म्हणून जर्मनीला जाणार आहे.

"कान्स्ट डू मिअर माल हेल्फन?" म्हणजे, जरा हात देतोस?

मंडळी, हे मी लहानपणी, साठच्या दशकात, रेडीच्या किनाऱ्यावर ऐकलंय! खनिजाच्या जहाजावरचा एक जर्मन खलाशी होडीतून आला नि होडी वाळूत रुतली. तो बाबांकडे बघून हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. शब्द कुणाला कळले नाहीत, तरी सगळे धावले.

होडी सुटली, पण तो गेला नाही. आमच्यासोबत रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा दोर ओढायला लागला. मासळी वाटताना बाबांनी त्याचाही वाटा काढला. "दोराक हात लावल्यान मां? मगे तेका पण वाटो व्हयो."

हे ऐकून नात हळूच म्हणाली, "आजोबा, थंय माका कोण वाटो देतलो?"

"तू दोराक हात लाव गो, वाटो गावतलोच," वाटा मिळेलच, असं म्हटलं खरं, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

तुमच्यापैकी कोणी जर्मनीत आहे का? कान्स्ट डू मिअर माल हेल्फन?