उपवास विशेषांक आणि वांग्याचं भरीत

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे नाना ऐंशीच्या दशकात तौलनिक धर्मावर एक त्रैमासिक चालवायचे. मी इतिहासाचा मास्तर, पण मला त्यांनी सहसंपादक केलं. सहसंपादक म्हणजे पत्ते चिकटवणारा, हे मला नंतर कळलं.

अंक ग्रंथालयांत जायचा आणि तिथेच पडून राहायचा. कोणी वाचतं की नाही, या काळजीने नाना झुरायचे. "कौतुक नको रे, भांडायला तरी कोणी यावं," म्हणायचे. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. दर संपादकीयाच्या मधोमध, मोक्ष आणि निर्वाण यांच्या खिंडीत, एक वाक्य घुसवायला लागले: 'इथवर वाचत आलेल्याने संपादकाकडे हक्काने चहा मागावा.' वर्षं गेली, चहा मागायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. फुकटचा चहा लोकांनी असा सोडलेला मी खानदेशात दुसरीकडे पाहिला नाही.

मग निघाला उपवास विशेषांक. रावेरकडचा एक केळीवाला नानांचा जुना विद्यार्थी आणि आमचा वर्गणीदार. तो म्हणाला, "सर, प्रकाशन आमच्या मळ्यात करा. भरीत पार्टी ठेवतो." उपवासाच्या अंकाचं प्रकाशन भरिताच्या पंगतीत, यात काही विचित्र आहे असं संपादक मंडळात एकालाही वाटलं नाही. मी तर सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं.

मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. केळीची पानं मांडली, गरम भरीत पडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. मी पहिला घास उचलला आणि तेवढ्यात केळीवाल्याची आई समोर येऊन बसली. सगळे तिला अक्का म्हणत. पोस्टाने आधीच आलेला अंक तिच्या हातात होता.

"सर, उपासाने मन शांत व्हते, हे तुमीच लिहिलं का?"

"हो," नाना म्हणाले.

"साफ खोटं. उपास असला का मी सुनेवर जास्त खेकसते. तुमी सोता कधी उपास करता का?"

नानांचा चेहरा असा उजळला की मला धडकी भरली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्याशी भांडत होतं. मागे हटणं शक्यच नव्हतं.

"करतो," ते छाती काढून म्हणाले. "आजही आहे. आमच्या सगळ्या मंडळाचा आहे."

अक्काने शांतपणे आमच्यापुढची पानं उचलली. घास माझ्या हातात होता, तोही ठेवायला लावला. बदल्यात केळी आली. केळी! रावेरला जाऊन! मी नानांकडे असं पाहिलं की दुसरा असता तर जागीच भस्म झाला असता. त्यांचं लक्षच नव्हतं. ते दोघं उन्हं कलेपर्यंत भांडले, एकानेही हार मानली नाही.

निघताना मी रागाने आधीच जीपमध्ये जाऊन बसलो होतो. मागून अक्काचा आवाज आला.

"सर, अन् माह्या चहाचं काय? मधात लिहिलं हाये ना तुमी."

नाना जागच्या जागी थांबले. मग चपला काढून सरळ तिच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आधण कुठे ठेवू, अक्का?"