दंड न लावणारी बैठक

नवरा धानाच्या बांधीत पालथा पडला होता. तोंड चिखलात, वर बोटभर पाणी. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. बाया रांगेने वाकलेल्या, त्यांना वाटलं पऱ्ह्याची, रोपांची पेंडी पडली. मी त्याला केसांना धरून उताणा केला. नाकातून गढूळ पाणी आलं, मग उलटी झाली, आणि उलटीत रक्त. धाकटा दीर बांधीच्या काठी धुऱ्यावर बसून म्हणाला, "थोडी जास्त झाली वहिनी, बस एवढंच." माणूस बोटभर पाण्यात मरत होता आणि याचं मोजमाप चाललं होतं. तो मदतीला का उठला नाही, ते मला मागाहून समजलं. त्यालाही उठता येत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं. लिव्हर सुजलं आहे, प्यायचं थांबलं नाही तर पुढच्या रोवण्याला हा नसेल, असं त्याने तोंडावर सांगितलं. दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठेतरी भरते, तिथे न्या म्हणाला. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दारू कुठे मिळते ते आमच्याकडे आंधळाही सांगेल. ती सोडणारे कुठे बसतात ते कोणी सांगेना. गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्षाला विचारलं, तर तो तोंड बाजूला वळवून बोलू लागला. वास यायचा तो आलाच, मी परत फिरले. चिचगडच्या नणंदेने एका महाराजाकडे नेलं. महाराजाने माळ घातली. नवऱ्याने पोळ्याच्या दिवशी ती काढून खुंटीला अडकवली, पिऊन आला आणि परत घातली. माळेचा मान राखला म्हणाला. गोंदियात एकाने भाजीत घालायची पुडी दिली. तिने जुलाब लागले, आणि जुलाबावर औषध म्हणून तो दारू प्यायला.

शेवटी पत्ता दिला तो गावात मोहाची दारू काढणाऱ्या बाईने.

"सौंदडच्या शाळेत बसून राहतात रविवारी दुपारी," ती म्हणाली. "माहे दोन गिऱ्हाइक खाल्ले त्यायनं. तू काऊन विचारतं वो बाई? नवऱ्याले नेतं का?"

मी हो म्हटलं.

"ने. मेलेलं गिऱ्हाइक माह्या तरी काय कामाचं?"

साऱ्या तालुक्यात शहाणपणाचं तेवढं एकच बोलणं मी ऐकलं.

आमच्या लोकांत बैठक म्हणजे जातीची बैठक. पंच बसतात, तक्रार ऐकतात, दंड लावतात. दंड बहुतेक जेवणाचा. समाजाला पंगत दिली की माणूस धुतल्यासारखा. म्हणून नवरा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन निघाला. मी सायकलला तांदळाचं पोतं बांधलं. पंगत द्यायचीच आहे तर सौंदडच्या दुकानदाराचं भलं कशाला करा? दीर ओट्यावरून हसला. "दारुड्याईच्या पंचायतीत जाऊन राहिला दादा," म्हणाला.

शाळेत मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. पंच कोणते ते कळेना, सगळेच आरोपी दिसत होते. मी उभी राहिले आणि तक्रार मांडली. बांधी सांगितली, रक्त सांगितलं, पोरीच्या लग्नात याने वऱ्हाड्यांसमोर मांडवाच्या खांबाला केलेली लघवीही सांगितली. रेल्वेत नोकरीला असलेला एक माणूस चहा ओतत होता. माझ्या हातात कप देऊन तो म्हणाला, "बाई, यहाँ हर आदमी अपनी सुनाता है. इनकी ये खुद सुनाएँगे."

मी कप घेऊन खाली बसले. बोलणं अर्धवट सोडून मी फार वेळा बसलेली नाही.

नवरा नारळ धरून उठला. "चुकलो. किती पंगती लावता?"

रेल्वेवाला म्हणाला, "दंड-वंड कुछ नहीं. आज मत पीना. अगले इतवार को आना."

तांदूळ परत आणला. वाटभर नवरा चिडलेला. "हे कोणती बैठक वो? निकालच देत नाही." त्याचं बरोबर होतं. दंड भरला की हिशेब मिटतो आणि माणूस परत प्यायला मोकळा. इथे भरायलाच काही नव्हतं, तर सुटणार कसा? पुढच्या रविवारी तो गेला तो निकाल मागायला. त्यांनी चहा दिला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गेला. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दिरासोबत पिऊन आला तेव्हा मी म्हटलं, आता संपलं. रविवारी त्याने तिथे जाऊन आपल्या तोंडाने ते सांगितलं, आणि त्या बेशरमांनी परत चहाच दिला. शिव्या दिल्या असत्या तर नवरा रुसून घरी बसला असता. चहावर कसं रुसणार? मग तो जातच राहिला.

दिरालाही त्याने चल म्हटलं. "मी काय दारुडा हावो?" दीर भिंत धरून म्हणाला. पुढे त्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले, आणि गोंदियाच्या दवाखान्यातच त्याने जीव सोडला. तेरवीला त्याचे सोबती पिऊन आले आणि दारू फार वाईट म्हणत गळे काढून रडले. नवरा कोरड्या तोंडाने पंगतीला भात वाढत होता.

दोघे भाऊ एकाच भांड्यातून प्यायचे. धाकटा गेला. माझा नवरा जिवंत आहे.