तायव्वाचं नाव दोन राज्यांत

तायव्वाचा अंगठा मशीन घेईना. मी तिला बोट पदराला पुसायला लावलं, मग दुसरं बोट लावून बघितलं. मशीनवर तेच येत होतं. लाभ स्थगित. म्हणजे धान्य बंद.

जत तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवेला लागून आमचं गाव. तिथं माझं रेशनचं दुकान आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, पण दुकानाची कधी कुणी तक्रार केली नाही, हे छाती ठोकून सांगतो. तायव्वा धनगरवस्तीवरची विधवा बाई. मूलबाळ नाही. मेंढरं नवऱ्याच्या आजारपणात विकली गेली. तिचं अंत्योदय कार्ड आहे, म्हणजे गरिबातल्या गरिबाला मिळतं ते. त्याच्यावरच तिची चूल पेटते.

"अण्णा, मग म्या खाऊ काय?"

"गप बस. मशीनला अक्कल न्हाई. जतला जाऊन बघतो."

घरातली पायलीभर ज्वारी तिच्या पदरात घातली आणि तहसील गाठलं. तिथं पुरवठा निरीक्षक मॅडम असतात. रेशनच्या दुकानांवर त्यांची देखरेख. त्यांनी कॉम्प्युटर बघितला.

"अण्णा, या बाईंचं नाव कर्नाटकातल्या एका कार्डावरही आहे. आता दोन्ही राज्यं आधार नंबर जुळवून बघतात. एकच नंबर दोन्हीकडे निघाला की चौकशी होईपर्यंत धान्य थांबतं."

"मॅडम, ती बाई लगीन होऊन आली तवापास्नं मी वळखतो. तुमचं मशीन चुकलंय."

"असेल चुकलं. बाईंना विचारलंत का?"

"त्यात काय इचारायचं?"

"विचारा. नाव तिकडं असेल तर कमी केल्याचा दाखला आणा. नाहीतर इकडचं कार्ड कायमचं जाईल."

रागारागात परत आलो आणि तायव्वाला उभ्याउभ्या विचारलं, "तुझं नाव तिकडं कुणाच्या कार्डावर हाय काय गं?"

"व्हय की. तम्माच्या."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी पोत्यावर बसलो. "मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

झालं होतं असं. त्यांच्यात नवरा वारला की भाऊ येऊन बहिणीला काही दिवस माहेरी नेतो. बिराप्पानं, म्हणजे ह्या भावानं, तिला तशी नेली. नेमकी त्याच वेळी तिकडं कार्डं नवी होत होती. बहीण घरात आणली, मग तिचं नाव घरात नको? त्यानं घातलं. तिकडं माणसामागं तांदूळ मिळतो. तिच्या वाट्याचा तांदूळ तो बाजूला ठेवायचा आणि नागपंचमीला पोतं भरून आणून द्यायचा. भावाची भेट म्हणून ती वस्तीवर वाटायची. माझ्याकडंही यायचा. बरा होता तांदूळ.

"त्याला फोन लाव. नाव कमी कर म्हणावं."

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"जित्या बहिणीचं नाव भावाच्या घरातनं काढायचं? माहेर तुटलं मग. ऱ्हाऊ दे ते धान्य."

"आगं, सरकारी कागद हाय तो."

"कागद सरकारचा असंल. नाव माझं हाय."

मी हट्टी आहे हे सगळं गाव जाणतं. दुसऱ्या दिवशी तिला वडाप जीपमध्ये घातली आणि शिवेपलीकडं बिराप्पाच्या वस्तीवर नेली. तो वाघरीपाशी होता. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अक्काचं नाव म्या काढणार न्हाई. उद्या लोक म्हणतील, भावजयीनं काढायला लावलं."

खोपटातनं आवाज आला, "माझं नाव कशाला घेताय मधी?"

"मग तुझी अक्का खाणार काय?" मी विचारलं.

"म्या देतो की."

"पंचमीला एक पोतं देतोस. बाकीचं वरीस काय करंल? आन् तो तांदूळ सरकारचा. त्यात तुझं काय हाय, सांग."

हे त्याला लागलं. तो वाघरीत शिरला आणि चांगली थोराड मेंढी पायाला धरून ओढत आणली. धनगर आपापल्या मेंढराच्या कानाला कापून खूण करतात. दर घराची खूण वेगळी. बिराप्पानं मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला आणि दुसऱ्या, कोऱ्या कानावर खूण केली. त्याच्या घरची नव्हे, तायव्वाच्या मेलेल्या नवऱ्याची.

"ही अक्काची. हिची पिलं बी अक्काची. माझ्याच कळपात चरतील," तो म्हणाला. "आता ते कागदावरचं काढा."

तायव्वानं मेंढीचा कान चाचपून बघितला. मग माझ्याकडं वळली.

"कुठं अंगठा लावायचा, अण्णा?"

तिकडचा दाखला मिळाला, तसा मी तो जतला नेऊन दिला. मॅडम वाचून हसल्या. "म्हणजे मशीन बरोबर होतं तर."

"मॅडम, दाखला आणलाय. तेवढा बघा."

पुढच्या वाटपाला मशीननं तायव्वाचा अंगठा पहिल्याच दमात घेतला. पंचमीला बिराप्पा आला तो बाजारातनं विकत घेतलेला तांदूळ घेऊन. "पयला बरा हुता," तायव्वा त्याच्या तोंडावर म्हणाली.

आता मशीननं कुणाला अडवलं की मी आधी माणसाला विचारतो, मग मशीनला शिव्या देतो. शिव्या द्यायचं काही सोडलेलं नाही.